एकाच मादीचे २४ वंश, नर कुठेच नाही: फरक येतो कुठून आणि मोजायचा कसा?

पाणपिसू (प्रश्न)

डॅफ्निया प्युलेक्स (गोड्या पाण्यातली इवलीशी पाणपिसू) हिच्या एका मादीपासून २४ वंश वेगळे करायचे, प्रत्येक वंशात दर पिढीला एकच पिल्लू पुढे न्यायचं आणि ४० पिढ्या झाल्यावर सगळ्यांचा डीएनए वाचायचा, असा आराखडा आहे. अंडी फलनाशिवाय वाढतात, पिल्लं सगळी माद्या. तीन गोष्टींवर गाडी अडली आहे.

पहिली: नर नाही म्हणजे दुसऱ्या कुणाची जनुकं मिसळत नाहीत. मग बदल फक्त नव्या उत्परिवर्तनांतूनच येणार ना?

दुसरी: ४० पिढ्यांत उत्परिवर्तनं किती साठतील? चार-दोनच असतील तर ती सिक्वेन्सिंगच्या चुकांतून निवडून काढणार कशी?

तिसरी: आधी केलेल्या छोट्या चाचणीत सहाव्या पिढीलाच दोन वंशांची पिल्लं आकाराने वेगळी दिसली आणि पहिल्या विणीतली संख्याही जुळली नाही. सहा पिढ्यांत एवढा फरक पडतो?

जाता जाता आणखी एक. अनिषेकजननातून, म्हणजे अशा बिनफलनाच्या जननातून, माद्याच होतात असं धरलं, तर कोमोडो ड्रॅगनच्या एकट्या मादीला झालेली पिल्लं नर कशी निघाली?

---

कायाझ्मा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. नर नाही एवढ्यावरून अंडं कसं बनलं ते कळत नाही. अनिषेकजनन हे एका प्रक्रियेचं नाव नाही. निदान पाच-सहा वेगवेगळ्या प्रक्रिया त्या एका नावाखाली येतात आणि संततीत किती फरक पडणार ते त्यांच्यावर ठरतं.

एकच जनुक घ्या. आईकडे त्याचे दोन प्रकार आहेत, 'क' आणि 'ख'. ती विषमयुग्मी आहे (दोन्ही प्रती सारख्या असत्या तर समयुग्मी).

अंडं साध्या सूत्री विभाजनातून (मायटॉसिस) बनलं तर पिल्लूही कख. इथे नवं उत्परिवर्तन वगळता बदलाला फारसा वाव नाही.

अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे मेयॉसिस, पूर्ण होऊन मग चारांपैकी दोन केंद्रकं परत एक झाली तर कुठली दोन एक झाली ते बघावं लागतं. पहिल्या विभाजनात एकमेकांपासून दूर गेलेली दोन जुळली तर त्याला सेंट्रल फ्यूजन म्हणतात. यात सेंट्रोमिअरजवळचं (गुणसूत्राचे दोन धागे जिथे जोडलेले असतात त्या जागेजवळचं) जनुक कखच राहतं. सेंट्रोमिअरपासून लांब, क्रॉसिंग ओव्हरच्या (गुणसूत्रांतल्या तुकड्यांच्या अदलाबदलीच्या) टप्प्यातलं जनुक असेल तर दर पिढीला जास्तीत जास्त एक तृतीयांश पिल्लं कक किंवा खख निघतात. अंड्याचं केंद्रक दुसऱ्या विभाजनातल्या आपल्याच जोडीदाराशी, म्हणजे दुसऱ्या पोलर बॉडीशी (अंडं बनताना बाजूला पडणारी छोटी पेशी) जुळलं तर ते टर्मिनल फ्यूजन. तिथे बरोबर उलटं होतं: सेंट्रोमिअरजवळचं सगळं एका झटक्यात समयुग्मी होतं आणि विषमयुग्मीपणा टिकलाच तर टोकांकडे टिकतो.

याच्याही पुढची पायरी ट्रायकोग्रामा या परजीवी गांधीलमाशीच्या काही वंशांत दिसते. त्यांच्या पेशींत वोल्बाकिया जिवाणू असतो. फलन न झालेल्या एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) अंड्यातली गुणसूत्रं दुप्पट होतात आणि एका पिढीत १०० टक्के जनुकं समयुग्मी होतात. एरवी या अंड्यातून नर निघाला असता. प्रतिजैविक देऊन जिवाणू काढला की नर परत येतात.

उलट बाजूला अमेरिकेतल्या अॅस्पिडोसेलिस सरड्यांच्या बिननराच्या जाती आहेत. त्यांच्यात मेयॉसिसच्या आधीच गुणसूत्रं दुप्पट होतात (द्विगुणित जातींत ४६ ची ९२) आणि प्रत्येक गुणसूत्र स्वतःच्याच तंतोतंत प्रतीशी जोडी लावतं. क्रॉसिंग ओव्हर होतं, पण सारख्याशी सारखं बदलून हाती काहीच नवं येत नाही. या जाती दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झाल्या आहेत, त्यामुळे संकराच्या वेळचा विषमयुग्मीपणा जसाच्या तसा पुढे चालत राहतो.

आता तुमचा डॅफ्निया. त्याच्यात मेयॉसिसचं पहिलं विभाजन सुरू होतं आणि मध्येच सोडून दिलं जातं. समजात गुणसूत्रं (एकाच जोडीतली दोन) वेगळी न होता परत एकाच ओळीत येतात आणि दुसऱ्यासारखं एकच विभाजन पार पडतं. परिणामाने हे सेंट्रल फ्यूजनच्या जवळचं आहे. मधल्या काळात क्रॉसिंग ओव्हर किंवा जनुक-परिवर्तन (एका प्रतीवरून दुसरीची नक्कल) झालं तर त्या पट्ट्यातला विषमयुग्मीपणा जातो. म्हणजे आईत 'क'ने झाकून ठेवलेलं सदोष 'ख' मुलीत एकाएकी उघडं पडू शकतं. त्यासाठी नवं उत्परिवर्तन लागलेलंच नाही.

डॅफ्नियात एखाद्या जागेचा विषमयुग्मीपणा जाण्याचा वेग त्या जागी नवं उत्परिवर्तन होण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त आहे. पूर्णपणे अलिंगी झालेल्या डॅफ्निया क्लोनांच्या (एकाच मादीच्या बिननराच्या वंशजांच्या) जीनोमांचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निष्कर्ष हाच होता की हे क्लोन खालावतात ते मुख्यतः आधीपासून दडलेले हानिकारक अलील (जनुकाचे प्रकार) उघडे पडल्यामुळे. नवी उत्परिवर्तनं साठण्याचा वाटा त्यामानाने कमी.

कोमोडोचं गणित यातच सुटतं. त्या सरड्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू: मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड. टर्मिनल फ्यूजनसारख्या प्रकाराने अंडं झेडझेड किंवा डब्ल्यूडब्ल्यू होतं. डब्ल्यूडब्ल्यू जगत नाही, उरतात ते सगळे नर. लंडन आणि चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांची ही प्रकरणं २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्निया काँडॉर गिधाडांची अशीच दोन पिल्लं २०२१ मध्ये जाहीर झाली. तीही नरच, आणि त्यांच्या आया तर नरांसोबतच राहत होत्या.

---

बीकर१००

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. आधी आकडे.

डॅफ्निया प्युलेक्सच्या जीनोमचा भरवशाने वाचता येणारा भाग १५ कोटी बेस (डीएनएची अक्षरं) धरा. द्विगुणित म्हणून ३० कोटी. उत्परिवर्तनाचा वेग दर पिढीला दर अब्ज बेसमागे ३ धरला (खरा आकडा क्लोननुसार वरखाली होतो, पण पल्ला हाच) तर दर पिढीला ०.९, म्हणजे ४० पिढ्यांत वंशामागे साधारण ३६ आणि २४ वंशांत मिळून ८६० च्या आसपास. वेग काढायला हे पुरेसं आहे. १२ वंश ८० पिढ्या न्यायचे की २४ वंश ४० पिढ्या, असा पर्याय असेल तर २४ घ्या. वंश मरतात. १२ मधले ३ गेले तर हातात फार काही उरत नाही.

वेळेचा हिशोब करून ठेवा. २० अंश सेल्सिअसला एक पिढी १० ते १२ दिवसांची, म्हणजे ४० पिढ्यांना ४०० ते ४८० दिवस. मुख्य २४ बीकर आणि प्रत्येकी दोन राखीव बहिणी धरून ७२ बीकर. एवढे सांभाळायला माणूस आहे का ते आधी बघा.

पिल्लू उचलण्याची रीत: १०० मिली बीकर, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार, रोज मोजून शैवाल (सेनेडेस्मस चालतं). दुसऱ्या किंवा तिसऱ्या विणीतलं २४ तासांच्या आतलं पिल्लू घ्या. वीण एकदा ठरवली की ४० पिढ्या तीच. पिल्लू डोळ्यांनी "चांगलं" बघून निवडू नका, तिथे नकळत निवड शिरते आणि सगळा प्रयोग वाया जातो. रुंद तोंडाचा पिपेट वापरा आणि टोक पाण्याच्या आत नेऊनच पिल्लू सोडा. वरून थेंब टाकला तर कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पिल्लू पृष्ठभागावर आडवं पडून नुसतं हात मारत राहतं आणि सकाळपर्यंत मेलेलं असतं. असं दिसलं तर वरून पाण्याचा एक थेंब हलकेच सोडून त्याला खाली ढकला. हे वारंवार होत असेल तर पृष्ठभागावर सेटिल अल्कोहोलचा चिमूटभर चुरा टाकतात, त्याने पृष्ठताण कमी होतो.

मुख्य पिल्लू मेलं तर राखीव बहीण घ्या आणि वहीत तसं लिहा. दोन्ही बहिणी गेल्या तर आईची पुढची वीण. म्हणून आई लगेच टाकून द्यायची नाही. वंश पूर्ण संपला तर तो "वगळला" असं न लिहिता कितव्या पिढीला संपला ते लिहा. उत्परिवर्तनांचा भार मोजताना संपलेले वंशच सगळ्यात जास्त बोलतात.

आणि नरांवर लक्ष ठेवा! डॅफ्नियाचे बहुतेक क्लोन चक्रीय असतात, म्हणजे कधी अलिंगी तर कधी लैंगिक. गर्दी झाली, अन्न कमी पडलं, दिवस लहान झाला की त्याच मादीच्या अंड्यांतून नर निघतात. त्यांच्यात आणि बहिणींत जनुकीय फरक काहीच नसतो, लिंग संप्रेरकाने ठरतं. पुढची स्पर्शिका लांब दिसली की नर. मादीच्या पाठीवर काळपट खोगीर (एफिपियम) दिसलं तर ती लैंगिक अंड्यांच्या मागे लागली आहे. तिची पुढची साधी वीण येऊ द्या. राखीव बीकरात भावाबहिणींचं फलन होऊन एक जरी पिल्लू मुख्य वंशात आलं, तर त्या वंशात अर्धा विषमयुग्मीपणा एका फटक्यात जाईल आणि तुम्ही त्याला क्लोनमधला बदल समजाल.

आता तिसरा प्रश्न. नव्या उत्परिवर्तनांनी एखाद्या गुणात दर पिढीला पडणारी भर पर्यावरणीय तफावतीच्या (व्हेरियन्स) साधारण एक हजारांश असते. गुणागणिक ती दहापट वरखाली होते, तरी सहा पिढ्यांना धरा ०.००६. डोळ्यांना दिसेल असं यात काही नाही. तुम्हाला दिसला तो जवळपास नक्कीच आईचा परिणाम आहे. एका आईला शैवाल कमी मिळालं की ती थोडी पण मोठी पिल्लं देते. पहिल्या विणीतली पिल्लं नंतरच्यांपेक्षा लहान असतात. एका बीकरची पहिली वीण आणि दुसऱ्याची तिसरी वीण शेजारी ठेवली तर असा फरक दिसणारच.

म्हणून मोजणीच्या आधी सगळे वंश दोन पूर्ण पिढ्या अगदी सारख्या अन्नावर आणि सारख्या विणीवर आणा, मग तिसऱ्या पिढीत मोजा. ४० व्या पिढीलाही वंशावंशांतली तफावत ०.०४ एवढीच अपेक्षित आहे. वंशामागे ५ पिल्लं मोजलीत तर सरासरीच्या चुकीची तफावत ०.२, म्हणजे मोजायच्या गोष्टीच्या पाचपट. २० पिल्लं घेतली तर ०.०५, तेव्हा कुठे काही दिसायला लागेल.

---

मावा_एकला

वरच्या दोघांशी सहमत. फक्त "सूत्री विभाजन असेल तर बदलाला वाव नाही" हे वाक्य मावा किडीला लावून बघू नका, फजिती होईल.

मायझस पर्सिकी या माव्यात कीटकनाशक पचवणाऱ्या एस्टरेझ जनुकाच्या प्रती वाढत वाढत ८० पर्यंत गेलेल्या सापडल्या आहेत. अशी एक मादी निपजली की फवारणीनंतर उरते ती तीच, आणि काही आठवड्यांत सगळा मळा तिच्या मुली-नातींचा. बिननराच्या प्राण्यांत उपयोगी बदलाची अशी चलती असते: त्याला दुसऱ्या कुणाच्या जनुकांत मिसळून पातळ व्हावं लागत नाही. तोटा असा की त्याच मादीत दुसरी काही खोड असली तर तीही सगळ्या मळ्याला चिकटते.

यात एक गंमत आहे. या जास्तीच्या प्रतींवरचं मेथिलेशन (डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणा) गेलं की त्या गप्प होतात आणि मावा पुन्हा औषधाला बळी पडतो. प्रती सगळ्या जागच्या जागी असतात, डीएनएच्या क्रमात बदल शून्य. एरवी मेथिलेशन म्हणजे जनुक बंद असं आपण शिकतो, इथे उलटं आहे.

तेव्हा तुमच्या २४ वंशांत फक्त एकेका बेसचे बदल शोधून थांबू नका. प्रतींची संख्याही मोजा.

---

पाणपिसू

सर्वांचे आभार. सेंट्रल आणि टर्मिनलचा घोळ सुटला. आईचा परिणाम हे तर लक्षातच आलं नव्हतं. चाचणीतल्या त्या दोन बीकरांची वीण खरोखरच वेगवेगळी होती.

आता दोन नवे प्रश्न. विषमयुग्मीपणा गेला आणि गुणसूत्राचा तुकडाच गळाला, हे दोन प्रकार आकड्यांत सारखेच दिसतील ना? आणि हे सगळं असं घसरणीलाच लागणार असेल तर बिननराच्या जाती टिकतात कशा?

---

बीकर१००

सारखे दिसतात, पण खोली, म्हणजे त्या जागेवर किती वाचनं (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) पडली, ते बघितलं की सुटे होतात. जागा आधी कख होती, म्हणजे वाचनं निम्मी-निम्मी. आता सगळी वाचनं 'क' दाखवतात. त्या पट्ट्यात वाचनांची खोली शेजारच्या भागाएवढीच, समजा ३०, असेल तर 'ख'च्या जागी 'क'ची नक्कल बसली आहे. खोली १५ वर आली असेल तर 'ख'चा तुकडा गळाला आहे. एकट्या जागेवर निष्कर्ष काढू नका, लागोपाठच्या चार-पाच विषमयुग्मी जागा एकदम गेलेल्या दिसायला हव्यात.

नव्या उत्परिवर्तनासाठी चाळणी: त्या जागी किमान १५ वाचनं, बदल निम्म्याच्या आसपास वाचनांत, डीएनएच्या दोन्ही दिशांच्या वाचनांत, आणि २४ पैकी फक्त एकाच वंशात. सगळ्या वंशांत दिसणारा बदल मूळ मादीतच होता. दोन-तीन वंशांत दिसला तर आधी भेसळीचा संशय घ्या, पिपेट धुतला नव्हता. एका वाचनात साधारण हजार बेसमागे एक चूक धरली तरी दोन्ही दिशांची सात-आठ वाचनं एकाच जागी एकच चूक करत नाहीत.

मूळ मादीच्या पहिल्या मुलींपैकी २५–३० आजच इथेनॉलमध्ये घालून उणे ८० ला ठेवा. पिसू गोठवून परत जिवंत करता येत नाही, १५ महिन्यांनी तुलनेला दुसरं काही मिळणार नाही. जमलं तर शेजारी एका मोठ्या टाकीत तोच क्लोन दाट संख्येने वाढू द्या, नर आणि एफिपियम दिसतील ते काढत. तिथे निवड काम करत राहते, त्यामुळे वंशांची घसरण उत्परिवर्तनांमुळे की तुमच्या शैवालाची प्रत बिघडल्यामुळे ते कळतं.

डीएनए काढण्यापूर्वी आतडं रिकामं करा, नाहीतर निम्मी वाचनं शैवालाची आणि जिवाणूंची निघतील. एक-दोन दिवस प्रतिजैविकाच्या पाण्यात ठेवून अन्नाऐवजी सेफाडेक्सचे (न पचणाऱ्या जेलचे) बारीक मणी द्यायचे. ते खाऊन आतडं साफ होतं आणि पारदर्शक शरीरातून पांढरं दिसतं. हिरवी रेघ उरली असेल तर अजून थांबा.

---

कायाझ्मा

टिकण्याचा प्रश्न.

तुम्ही म्हणता ती घसरण जनुकशास्त्रज्ञ मुलरने १९६४ मध्ये मांडली: फक्त पुढेच फिरणारं दातेरी चाक. अलिंगी समूहात सर्वांत कमी दोष असलेला गट योगायोगाने संपला की तो परत तयार व्हायला मार्ग नाही, चाक एक दात पुढे सरकतं. त्या सर्वांत स्वच्छ गटात किती जीव असतात ते काढता येतं: दर पिढीला प्रत्येकी ०.१ हानिकारक उत्परिवर्तन आणि प्रत्येकाची हानी २ टक्के धरली, तर समूहाच्या सुमारे ०.६७ टक्के. हजारांच्या तळ्यात जेमतेम ७ जीव, ते एका वाईट दिवशी जाऊ शकतात. दहा लाखांच्या तळ्यात ६,७००. ते सहसा जात नाहीत. म्हणून मोठा समूह हाच पहिला आधार. तुमच्या वंशांत समूह एकाचा आहे, तिथे चाक पूर्ण वेगाने फिरतं आणि तसंच फिरायला हवं.

दुसरा आधार म्हणजे सुरुवातीचं भांडवल. अॅमेझॉन मॉली हा मासा दोन जातींच्या संकरातून सुमारे एक लाख वर्षांपूर्वी झाला. त्याला अंडं सुरू करायला परक्या नराचे शुक्राणू लागतात, पण त्यांची जनुकं तो सहसा घेत नाही. २०१८ मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा अपेक्षित पडझड फारशी सापडली नाही, विषमयुग्मीपणा मात्र भरपूर. मार्बल्ड क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेला, आहे, २७६ गुणसूत्रांचा. एका प्रतीत बिघाड झाला तरी दोन शिल्लक. आपल्या परिचयाचा वाळा साप (गांडुळासारखा दिसणारा आंधळा) हाही त्रिगुणित आणि सगळ्या माद्याच.

तिसरा: मेयॉसिस ठेवून त्याचा तोटा टाळणं. क्लोनल रेडर अँट या मुंगीत क्रॉसिंग ओव्हर होतं, पण अदलाबदल झालेले दोन्ही धागे एकाच अंड्यात एकत्र जातात, त्यामुळे विषमयुग्मीपणा टिकतो. २०२४ मध्ये हे दाखवलं गेलं. हिशोबाने एक तृतीयांश जायला हवा होता, प्रत्यक्षात क्वचितच जातो.

बडेलॉइड रोटिफरांचं (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) उदाहरण कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच. कोट्यवधी वर्षं ते नराशिवाय आहेत असं सांगितलं जातं. ते सुकतात, डीएनएचे तुकडे होतात, पाणी मिळालं की जोडून घेतात. त्यांच्यातल्या अॅडिनेटा व्हागा या जातीच्या जीनोमात सुमारे ८ टक्के जनुकं प्राण्यांबाहेरची आहेत. पण तिच्या जीनोमच्या २०१३ च्या आराखड्यात समजात जोड्याच नाहीत असं वाटलं होतं आणि २०२१ च्या नव्या जुळणीत सहा व्यवस्थित जोड्या निघाल्या. तेव्हा जुन्या लेखातलं "मेयॉसिस अशक्य" हे वाक्य तसंच उचलू नका.

डॅफ्नियाचा स्वतःचा मार्ग तर अजबच. काही पूर्ण अलिंगी क्लोन अधूनमधून नर काढतात. ते नर शेजारच्या लैंगिक माद्यांशी संकर करतात आणि मेयॉसिस दाबणारी जनुकं त्यांच्या संततीत पेरतात. त्यातून नवे, ताजे विषमयुग्मी अलिंगी क्लोन जन्माला येतात. नर जवळपास नसलेल्या वंशात विविधता आणतो तो नरच! तुमचा क्लोन चक्रीय की पूर्ण अलिंगी, हे पहिल्या पिढीआधी तपासा: नर नसलेल्या बीकरात मादीने टाकलेल्या एफिपियममध्ये अंडी आहेत का ते फोडून बघा. चक्रीय क्लोनात ते रिकामं निघतं.

---

मावा_एकला

आणि एफिपियमचा रंग बघून ठरवू नका. रिकामंही तितकंच काळं दिसतं. भिंगाखाली सुईने उघडावंच लागतं.